साडेतेरा ब्रास

आईचा गावाहून फोन येतो तो रात्री साडेआठनंतर, जेवण आटोपल्यावर. त्यामुळे २०२५ च्या जुलैत एका पहाटे पावणेचारला फोनवर तिचं नाव दिसलं तेव्हा उचलण्याआधीच पोटात गोळा आला. "घाबरू नको," ती म्हणाली, "पडवीत पाणी आलंय. मी पलंगावर पाय वर घेऊन बसलेय. शेजारची मुलं आलीयत, गडग्याला भोक पाडतायत." मागून पावसाचा आवाज, कुणाचं तरी ओरडणं आणि पहारीचे ठोके ऐकू येत होते. मी पुण्यात, अंथरुणात. काय करणार होतो?

आमचं घर रत्नागिरी जिल्ह्यात, डोंगराच्या उतरणीला. आजोबांनी चिऱ्याचं बांधलं, त्याला सत्तर वर्षं झाली. आमच्याकडे पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, कधी एका रात्रीत दोनशे-तीनशेसुद्धा. तरी इतक्या वर्षांत उंबऱ्याला पाणी लागलेलं आईला आठवत नाही. डोंगराचं पाणी परसातून यायचं, पोफळींच्या मधून अंगणाच्या कडेने जायचं, गडग्याखाली ठेवलेल्या वाटेने खालच्या खाचरात उतरायचं आणि एका खाचरातून दुसऱ्यात करत करत शेवटी पऱ्याला मिळायचं. ही वाट कुठल्या नकाशावर नव्हती. पण ती कुठे आहे हे वाडीतल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं. लहानपणी आम्ही तिच्यात होड्या सोडायचो आणि माझी होडी पऱ्यापर्यंत कधीच पोचली नाही, हे आपलं उगाच आठवलं म्हणून सांगितलं.

तर झालं असं, की खालचं दहा गुंठ्यांचं खाचर अण्णांनी विकलं. अण्णा म्हणजे आमच्या वडिलांचे चुलतभाऊ. त्यांची मुलं मुंबईला, शेती करायला कुणी नाही, वय झालेलं. विकलं त्यात त्यांची चूक मला दिसत नाही. घेणारे गृहस्थ मुंबईचेच, तिथे बंगला बांधायचा मनसुबा. २०२४ च्या दिवाळीनंतर डंपर सुरू झाले. सड्यावर कुठेतरी दुसरी जागा फोडत होते, तिथली लाल माती इकडे येऊन पडत होती. एकाच कामाचा माणूस, एकाच खेपेत दोन्हीकडचे पैसे! डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात काम संपलं तेव्हा जिथे आम्ही वरून खाली बघायचो, तिथे आता समोर बघायला लागलो. रस्त्याच्या बाजूला पुरुषभर आणि आमच्या गडग्याला छातीएवढा भराव. त्याला बाहेरून चिऱ्याची भिंत घातली, चांगली पक्की. पाणी निघायला तिला एक भोक नाही.

आईने डंपर मोजले होते. तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण दुपारी पडवीत बसून ती भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या मागे रेघा ओढत होती, चार उभ्या आणि एक आडवी. एकशे शहाऐंशी डंपर. मी विचारलं, कशाला मोजलेस? तर म्हणाली, "कुणीतरी मोजायला नको?"

आता या प्रश्नाचं मजेशीर उत्तर मला पुढे मिळालं. मोजलं होतं. सरकारनेही मोजलं होतं.

पाणी आलं त्या आठवड्यातच मी गावी गेलो आणि तलाठ्यांना भेटलो. (त्यांचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण गावात अजूनही भाऊसाहेबच.) माणूस तरुण, नीट बोलणारा. खुर्ची दिली, चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "रॉयल्टी भरलीय का बघतो." रजिस्टर उघडलं, पावत्या काढल्या. रॉयल्टी भरलेली होती, वाहतुकीचे पासही होते. भाऊसाहेबांचा चेहरा मोकळा झाला. "सगळं नियमात आहे साहेब. मग अडचण काय आहे?"

अडचण अशी होती की माझ्या आईच्या पडवीत घोटाभर चिखल होता. पण तो कुठल्या रकान्यात लिहायचा हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि खरं सांगायचं तर तसा रकाना त्यांच्याकडे नव्हताच.

आपल्याकडे माती मोजतात ती ब्रासमध्ये. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. ज्याने कधी घर बांधलंय त्याला हा शब्द माहीत असतो. वाळू, खडी, मुरूम सगळं ब्रासवर. महसूल खात्याच्या लेखी भरावाची माती म्हणजे 'गौण खनिज'. ती काढायची तर परवानगी घ्या, ब्रासमागे स्वामित्वधन भरा. २०२१ पासून हा दर ब्रासला ६०० रुपये झाला. तीन ब्रासचा एक डंपर धरला तर आईच्या रेघांप्रमाणे साधारण ५५८ ब्रास, म्हणजे तीन लाख पस्तीस हजारांच्या आसपास सरकारजमा. न भरता काढली असती तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम ४८ आहे, बाजारभावाच्या पाचपट दंड आहे, डंपर आणि पोकलेन जप्त करता येतात. म्हणजे कायदा ढिला आहे असं कुणी म्हणू नये. कायदा चांगला कडक आहे. फक्त त्याचं सगळं लक्ष माती कुठून निघाली आणि तिचे पैसे आले का, इकडे आहे. ती जाऊन कुठे बसली, तिथली जमीन किती वर आली, तिथून वाहणारं पाणी आता कुठे जाणार, हे त्या पावतीवर कुठेही नाही.

आणि माती बाहेरून न आणता आपल्याच जागेत इकडची तिकडे केली तर पावतीसुद्धा लागत नाही. पुण्यातल्या बांधकाम व्यावसायिकांची संघटना या रॉयल्टीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेली होती. डिसेंबर २०१४ च्या निकालात न्यायालयाने पायासाठी खणून त्याच जागेत वापरलेल्या मातीवरची वसुली मान्य केली नाही. पुढे राज्याने नियमांतही तशी दुरुस्ती केली. निकाल मला योग्यच वाटतो. स्वतःच्या पायाचा खड्डा खणला तर तो काही खाणधंदा नव्हे. पण परिणाम असा, की उताराच्या जागेचा वरचा अर्धा भाग कापून खालच्या अर्ध्यावर ढकलला, डोंगराची पायरी करून टाकली, तरी महसूल खात्याला त्यात बघण्यासारखं काही उरत नाही.

हे सगळं ऐकताना मला राहून राहून एक जुनी गोष्ट आठवत होती.

२००४ ते २००७ अशी तीन वर्षं मी नोकरीनिमित्त लॉस एंजेलिसच्या बाजूला होतो. भाड्याचं घर टेकडीवर होतं. घरमालक रिटायर्ड शिक्षक, हौशी माणूस. मागच्या उतारावर भराव घालून सपाट हिरवळ करायची त्याच्या मनात आलं. झालं! पुढचे चार महिने तो माणूस कागदं घेऊन फिरत होता. आधी जमिनीचा नकाशा: आत्ताची उंची तुटक रेषांनी, होणारी उंची अखंड रेषांनी. मातीच्या इंजिनिअरचा अहवाल. भरावाचा उतार दोनास एकपेक्षा उभा नको, म्हणजे दोन फूट आडवं गेल्यावर एक फूट चढ, त्याहून जास्त नाही. जुना उतार तसाच ठेवून त्यावर माती ओतायची नाही. आधी झाडोरा काढा, उताराला पायऱ्या पाडा, मग पातळ थर टाकून दाबत या, आणि दाबलेली माती प्रयोगशाळेच्या मापाने नव्वद टक्के तरी घट्ट भरली पाहिजे. सगळ्या पाण्याची वाट दाखवा. ते शेजाऱ्याच्या अंगणात सोडायचं नाही, रस्त्यापर्यंत न्यायचं. मधे दोनदा पालिकेचा इन्स्पेक्टर येऊन उभा राहिला. एक थर त्याने उकरायला लावला.

मी तेव्हा जाम हसलो होतो. आपल्याकडे म्हटलं, एक दिवस जेसीबी बोलावला की संध्याकाळी चहाला हिरवळीवर! घरमालक मात्र चिडला नव्हता. त्याने मला थोडासा इतिहास सांगितला आणि तो मी नंतर वाचूनही काढला. लॉस एंजेलिस शहरात १९५२ पर्यंत असे नियम नव्हते. युद्धानंतर घरांची मागणी वाढली, बुलडोझर आले, टेकड्या कापून घरं झाली. १९५१-५२ च्या हिवाळ्यात धो धो पाऊस झाला आणि टेकड्यांवरची घरं चिखलासकट खाली आली. मग १९५२ मध्ये खोदाई-भरावाचे पहिले नियम झाले, आणि आणखी एका वादळी पावसानंतर १९६३ मध्ये ते कडक केले.

खरी परीक्षा १९६९ साली झाली. त्या वर्षी मोठी वादळं आली आणि नंतर कुणीतरी शहाण्यासारखा हिशोब मांडला. १९५२ पूर्वी तयार झालेल्या डोंगराळ जागा सुमारे दहा हजार, त्यांतल्या १,०४० जागांचं नुकसान झालं. म्हणजे दर शंभरात दहा. १९५२ ते ६२ मधल्या सत्तावीस हजारांपैकी ३५०, शंभरात एकाहून थोडं जास्त. आणि १९६३ नंतरच्या अकरा हजारांपैकी फक्त सतरा! तोच डोंगर, तोच पाऊस. कायद्याने काही होत नाही असं म्हणणारे लोक मला रोज भेटतात (आरशातही), त्यांच्यासाठी हा हिशोब मी पाठ करून ठेवलाय.

नियम तिथेही सगळं वाचवत नाहीत. मी तिथे असतानाच, जानेवारी २००५ मध्ये, किनाऱ्यावरच्या ला कॉन्चिटा नावाच्या वस्तीवर वरचा कडा आला आणि दहा माणसं गेली. तिथे १९९५ साली घसरलेलाच डोंगर पुन्हा घसरला होता. जागा नीट भरली म्हणून डोक्यावरचा डोंगर नीट होत नाही.

घरमालकाने सांगितलेली आणखी एक गोष्ट लक्षात राहिली. त्या भागात पन्नास घनयार्डापर्यंतच्या कामाला साधारणपणे परवाना लागत नाही, उताराच्या जागी ही सूटही आखडती. गावाहून परतताना एस्टीत बसून मी गुणाकार केला. पन्नास घनयार्ड म्हणजे १,३५० घनफूट, म्हणजे साडेतेरा ब्रास. आपल्या भाषेत साडेचार डंपर. माणूस फुलझाडांचे वाफे करील, तुळशीवृंदावनाचा कट्टा करील, अंगण चोपून घेईल, त्याला कुणी विचारणार नाही. पाचव्या डंपरला विचारणार. आमच्याकडे एकशे शहाऐंशी झाले आणि कुणी विचारलं नाही. विचारलं ते पैशांचं.

आता कुणी म्हणेल, अहो, नियम काय कमी आहेत का आपल्याकडे? आहेत ना. गोव्यात नगरनियोजन कायद्याचं १७-अ हे कलम आहे. डोंगर कापणं आणि सखल जमीन भरणं ही दोन्ही त्यात शेजारी शेजारी बसवलीत आणि दोन्हींना आधी परवानगी लागते. ज्याने हे लिहिलं त्याला एकाची माती दुसऱ्याकडे जाते हे कळलं होतं. (त्यानंतरही गोव्यात डोंगर कापले जातात आणि त्यावर दर पावसाळ्यात भांडणं होतात, ते वेगळं.) आपल्या १९६६ च्या नगररचना कायद्यात 'विकास' या शब्दाच्या व्याख्येत जमिनीवर, जमिनीखाली केलेली अभियांत्रिकी आणि खोदाईची कामंसुद्धा येतात. म्हणजे परवानगी हवीच. पण त्याच कायद्यात सूट आहे: शेतीच्या नेहमीच्या कामासाठी केलेलं खोदकाम, आणि फक्त शेतीसाठी जायला केलेला रस्ता. सूट रास्त आहे. शेतकऱ्याने विहीर खणायला पुण्या-मुंबईची परवानगी आणावी असं कोण म्हणेल? पण त्या सुटीतून काय काय जातं बघा. आमच्या खालच्या गृहस्थांना ग्रामपंचायतीने विचारलं तेव्हा उत्तर आलं, "अजून बांधकाम कुठे करतोय? नारळ लावणार आहे." नारळाला चिऱ्याची भिंत! पुण्याच्या आसपास टेकड्यांवर असे कितीतरी 'शेतीचे' रस्ते वर चढलेत, ज्यांच्या टोकाला प्लॉटचे खुंट आहेत. आणि एकास पाचपेक्षा जास्त उतारावर बांधकाम नाही हा नियम मोठा ऐटीत सांगतात, पण मोजणीच्या आधीच पोकलेन फिरला की एकास पाचचा उतार राहतो कुठे?

पुणेकरांनी ६ जून २०१३ विसरू नये. कात्रजच्या नव्या बोगद्यापलीकडे शिंदेवाडीजवळ सातारा रस्त्यावर अचानक पाण्याचा लोंढा आला आणि रस्त्याने जाणाऱ्या गाडीतली एक आई आणि तिची लहान मुलगी वाहून गेली. त्या दोघी कुठल्या टेकडीवर राहत नव्हत्या, त्यांनी कुठला प्लॉट घेतला नव्हता. वर डोंगर फोडून जागा सपाट केली होती आणि ओढ्याच्या वाटेत भराव पडला होता. डोंगर फोडणारा, मातीवर पैसे कमावणारा आणि त्या पाण्यात सापडणारा ही तीन वेगळी माणसं असतात. म्हणूनच 'माझी जमीन, मी काहीही करीन' हे वाक्य मला मातीच्या बाबतीत पटत नाही. घराला कुठला रंग द्यायचा हे ज्याचं त्याने ठरवावं.

मला स्वतःलाच अडवणारा एक आक्षेप मात्र आहे, आणि तो माळीणचा. आंबेगाव तालुक्यातलं ते गाव ३० जुलै २०१४ ला सकाळी डोंगराखाली गेलं, १५१ माणसं गेली. त्यानंतर लगेच बोट दाखवलं गेलं ते पडकईकडे. पडकई म्हणजे उतारावर बांध घालून भातखाचरं काढायची तिथल्या आदिवासींची जुनी पद्धत, एकमेकांच्या शेतावर आळीपाळीने राबून करायची. पुढे तिची सरकारी योजना झाली आणि काही ठिकाणी यंत्रं आली. त्या डोंगराला अतिवृष्टीने किती ढकललं आणि सपाटीकरणाने किती, यावर वाद झाले. पण ज्यांच्याकडे जमिनीचा तेवढाच तुकडा, त्यांनी हाताने काढलेली खाचरंच एकदम आरोपी ठरली, हे मला तेव्हाही खटकलं होतं. उद्या मी म्हणतो तसा नियम आला तर पहिली नोटीस कुणाला जाईल? बंगलेवाल्याला की चार गुंठ्यांत वाफा करणाऱ्याला? उत्तर आपल्या सगळ्यांना माहीत आहे. म्हणून तर ते साडेतेरा ब्रास मला महत्त्वाचे वाटतात. कुदळ-फावड्याने एक घर एका उन्हाळ्यात जेवढी माती हलवील तेवढी मोकळी सोडा. यंत्र आलं की विचारा.

असो. तर मी वकिलांकडे गेलो आणि तिथे एक गंमत कळली. इंग्रजांच्या वेळचे दोन कायदे अजून जिवंत आहेत. १८८२ चा सुविधाधिकार कायदा म्हणतो, की वरच्या जमिनीवर पडणारं पाणी नैसर्गिकपणे खालच्या जमिनीत उतरू देणं हे खालच्या मालकावर बंधनकारक आहे. म्हणजे आमची होडीची वाट इंग्रजांच्या काळापासूनच कायद्यात होती! पण ती मिळवायची दिवाणी कोर्टातून, तोवर आईची पडवी किती पावसाळे बघेल कोण जाणे. दुसरा १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदा. त्यात तहसीलदार थेट हुकूम देऊन पाण्याच्या वाटेतला अडथळा काढायला लावू शकतात. मी खूश झालो. वकील म्हणाले, थांबा. हा कायदा शेती, चराई, झाडं आणि पिकं यांच्यासाठी आहे. घरात पाणी आलं हे त्यात बसत नाही.

"झाडं आहेत का तुमच्या आवारात?"

अकरा पोफळी आहेत. आजीने लावलेल्या. त्यांच्या मुळाशी आठ दिवस पाणी तुंबून होतं, दोन तर पिवळ्या पडल्यात. "मग चालेल," वकील म्हणाले. म्हणजे अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईचं पलंगावर पाय वर घेऊन बसणं कायद्याला दिसत नव्हतं, पण तिच्या पोफळींचे पाय ओले झालेले दिसत होते. त्यात आणखी एक मेख. कारण घडल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करायचा. भराव संपला डिसेंबरात, पाणी आलं जुलैत. कोकणात भराव घालतात ते कोरड्या दिवसांतच, आणि त्याने काय केलं ते कळतं पावसात. मधे बहुतेक सहा महिने गेलेलेच असतात. पाणी तुंबलं त्या दिवसापासून मोजा असा वाद घालता येईल, असं वकिलांचं मत. येईल, म्हणजे घालावा लागेल.

मी फाईल घेऊन परत आलो आणि अण्णांकडे गेलो, निदान त्यांनी साक्ष द्यावी म्हणून. ही वाट पिढ्यान् पिढ्यांची आहे एवढंच त्यांनी सांगायचं होतं. अण्णांनी शांतपणे सुपारी कातरली, एक खांड मला दिली आणि म्हणाले, "सांगेन की. पण मग तुझ्या गाडीचंही सांगू?"

मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं.

२०१६ मध्ये मी गाडी घेतली आणि गावी ती उभी करायला जागा नव्हती. मागचा उतार जेसीबीने कापला, दोन दिवसांचं काम. निघालेली माती अंगणाच्या खालच्या अंगाला टाकून अंगण वाढवलं आणि त्यावर छान सिमेंटचे ब्लॉक बसवून घेतले. आई म्हणाली होती, शेणाचं अंगण बरं होतं. मी म्हटलं, आता कोण सारवतंय! कापलेला भाग चाळीस फूट बाय वीस फूट, सरासरी चार फूट खोल. बत्तीस ब्रास. कुणाची परवानगी घेतली नाही, घ्यायची असते असं मनातही आलं नाही. आपल्याच जागेतली माती आपल्याच जागेत. अण्णा सांगत होते, त्यानंतरच्या पहिल्या पावसापासून तुमचं पाणी पूर्वीसारखं पसरून, जिरत यायचं बंद झालं. एकाच जागेतून धारेने यायला लागलं. त्यांच्या खाचराचा बांध त्या वर्षी दोनदा फुटला आणि त्यांनी दोनदा बांधला. पुढच्याही वर्षी.

"मला का नाही सांगितलंत?"

"तू विचारलं होतंस का?"

त्यावर मला काही बोलता आलं नाही. लॉस एंजेलिसमध्ये चार महिने घरमालकाला हसलेला माणूस मीच आणि साडेतेराच्या जागी बत्तीस ब्रास हलवून अण्णांचा बांध फोडणारा माणूसही मीच. खाचर विकायला तेवढंच कारण होतं असं अण्णा म्हणाले नाहीत. मीही विचारलं नाही.

म्हणून सध्या मी ग्रामपंचायतीच्या मागे लागलोय. मागणी अगदी साधी आहे. ब्रासची पावती जशी आहे तशी राहू दे. पण यंत्राने साडेतेरा ब्रासच्या वर माती काढणाऱ्याने किंवा टाकणाऱ्याने एक कागद आधी द्यावा: जमीन आज कुठे किती उंच आहे, काम झाल्यावर किती होईल, वरचं पाणी कुठून आत येतं आणि कुठून बाहेर जाणार. याला मोठा इंजिनिअर लागत नाही. गवंड्याकडे पाणी भरलेली पारदर्शक नळी असते, तिने दहा गुंठ्यांची उंची दोन तासांत मिळते. कागदावर वरच्या आणि खालच्या शेजाऱ्याची सही असावी. संमतीची नको, नाहीतर जुनी भांडणं तिथे उगवतील, फक्त 'पाहिलं' एवढी. मे संपेपर्यंत भराव दाबून, पाण्याला वाट ठेवून काम पुरं व्हावं, नाहीतर पावसाळ्यानंतर करा. सरपंचबाई ऐकून घेतात. त्या म्हणाल्या, "भाऊ, ठराव करू, पण आमच्या ठरावाला डंपर थांबणार आहे का?" बहुतेक नाही. पण सही करताना शेजारी निदान बोलतील. आमच्याकडे अण्णा आणि मी नऊ वर्षं बोललो नाही ते सहीच्या निमित्ताने बोललो असतो.

खालच्या गृहस्थांशी फोनवर चार-पाचदा बोलणं झालं. माणूस वाईट नाही. भरावामधून फूटभर व्यासाचा पाइप टाकून पाणी पऱ्यापर्यंत न्यायला तयार आहेत, खर्च अर्धा अर्धा. फक्त त्यांना लिहून हवंय, की ही वाट त्यांनी मेहरबानी म्हणून दिली, आमचा हक्क म्हणून नाही. वकील म्हणतात, अजिबात लिहून देऊ नका. आई म्हणते, पाइप आधी टाकून घ्या, मग काय लिहायचं ते लिहा. मी ब्लॉक उखडायला माणूस सांगितलाय. अंगणाचा खालचा अर्धा भाग पुन्हा मातीचा करायचा आहे आणि कापलेल्या उताराच्या पायथ्याशी चर काढायचाय, म्हणजे पाणी धारेने न येता पसरेल. अण्णा उभे राहून दाखवणार आहेत, जुनी वाट नेमकी कुठून जात होती ते. मला ती होड्यांच्या उंचीवरून आठवते, त्यांना बांधाच्या उंचीवरून, आणि आमच्या दोघांत दोन-तीन फुटांचा फरक येतोय.